बाळाची प्युरी बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवावी का?

चिकूची आई: लेक सात महिन्यांची, पुढच्या महिन्यात ऑफिस सुरू. भोपळा, गाजर, खिचडी रविवारीच करून फ्रीझरमध्ये ठेवली तर? सासूबाई म्हणतात, शिळं ते शिळंच.

नागपूरची मावशी: भोपळा-गाजर चालतं गं. शिजलं की पातेलं गार पाण्यात ठेवून निववायचं, प्युरी करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरायची, दोन तासांच्या आत फ्रीझरमध्ये. गोठल्यावर वड्या पिशवीत भरायच्या, वर तारीख. उणे १८ अंशांवर महिनाभर निर्धास्त. बटाटा नको, चिकट होतो. खिचडी मात्र ताजीच लाव, कुकरला वेळ तो किती!

ठाणेकरीण: लागेल तेवढीच वडी काढा, चांगली वाफ येईपर्यंत गरम करा, कोमट झाली की भरवा. वाटीतलं उष्टं परत गोठवू नका.

चिकूची आई: आणि वीज गेली तर?

नागपूरची मावशी: दार उघडू नकोस. वड्या वितळल्या असतील तर सरळ टाकून दे.