खुडूक कोंबडीसोबत पिल्ले बाहेर मातीवर वाढवताना औषधयुक्त खाद्य द्यावे का?

नमस्कार. आमच्या खुडूक कोंबडीखाली बसवलेल्या अंड्यांतून नुकतीच पिल्ले बाहेर आली आहेत आणि ती बल्बखाली खोक्यात न ठेवता आईसोबतच अंगणात मातीवर वाढवायची, असे आम्ही ठरवले आहे. उबेची मला चिंता नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि ती कोंबडीच्या पंखांखाली मिळते. गार वाटले की पिल्लू आपणहून आत शिरते, उबले की बाहेर येते, आणि इतके नेमके तापमान बल्बखाली राखणे फार कठीण असते. माझा प्रश्न रक्ती हगवणीचा, म्हणजेच कॉक्सिडिओसिसचा आहे.

हा रोग आयमेरिया या परजीवीमुळे होतो. बाधित पक्ष्याच्या विष्ठेतून त्याचे ऊसिस्ट, म्हणजे परजीवीची कवचबंद बीजे, जमिनीवर पडतात, ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. मोठी कोंबडी हा परजीवी पोटात बाळगूनही धडधाकट दिसू शकते. त्यामुळे ती जिथे माती उकरून पिल्लांना दाणे टिपायला बोलावते, तिथूनच तो पिल्लांच्या पोटात जाण्याची शक्यता असते. थोडा थोडा गेला तर हळूहळू प्रतिकारशक्ती तयार होते आणि मातीवर वाढवण्यात मला हाच मोठा लाभ दिसतो. मात्र जागा ओलसर आणि अपुरी असेल तर एकदम मोठी मात्रा पोटात जाते, आणि मग साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या वयात पिल्ले पिसे फुगवून, डोळे मिटून एका जागी बसू लागतात, विष्ठेत रक्त दिसते आणि उपचाराला थोडा उशीर झाला तरी पिल्ले दगावतात.

बाजारात अँप्रोलियम हे औषध मिसळलेले स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचे, खाद्य मिळते. हे औषध थायमिन या जीवनसत्त्वासारखे असल्यामुळे परजीवीला थायमिन घेता येत नाही आणि त्याची वाढ रोखली जाते. खाद्यातील मात्रा कमी असल्याने थोडा संसर्ग होऊन प्रतिकारशक्तीलाही वाव राहतो. जागा कोरडी असेल आणि रोज बदलता येत असेल तर साधे खाद्य पुरेसे आहे, असे माझे मत आहे. परंतु सलग पावसाचे दिवस आले तरी साधे खाद्य पुरेल का? अशा वेळी मध्येच औषधयुक्त खाद्यावर जावे, की पहिल्या दिवसापासून तेच द्यावे?

कोंबडी आणि पिल्ले एकाच भांड्यातून खातात, म्हणून दोघांनाही स्टार्टरच देत आहोत. लेयर, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या, खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते आणि त्याने पिल्लांचे मूत्रपिंड बिघडते, तर खुडूक कोंबडी अंडी देत नसल्याने तिला जादा कॅल्शियमची गरज नसते. मात्र काही कोंबड्या पिल्ले सोबत असतानाच पुन्हा अंड्यावर येतात. तेव्हा ती औषधयुक्त खाद्य खात असेल, तर तिची अंडी घरात खाण्याबाबत आपण कोणता नियम पाळता?

आमची व्यवस्था अशी आहे: दिवसा बिनतळाचा, वरूनही बंद असलेला, अर्ध्या इंचाच्या जाळीचा पिंजरा आम्ही रोज नव्या जागी सरकवतो, म्हणजे घार, मांजर आणि मुंगूस यांच्यापासून पिल्ले सुरक्षित राहतात. रात्री कोंबडीसह ती खुराड्यात, कोरड्या भाताच्या तुसावर असतात. पाण्याचे भांडे उथळ असून त्यात खडे टाकले आहेत आणि ते विटेवर ठेवले आहे, कारण कोंबडी उकरते तेव्हा सगळी घाण पाण्यात जाते. ओल्या मातीत ऊसिस्ट कित्येक महिने टिकतात, म्हणून एकदा वापरलेल्या जागेवर त्याच हंगामात परत यावे की नाही, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा की, एखाद्याच पिल्लाच्या विष्ठेत रक्त दिसले तर त्याला वेगळे काढून फक्त त्यालाच औषध द्यावे, की पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आईसह सर्वांच्या पाण्यात लगेच अँप्रोलियम सुरू करावे? वेगळे काढलेले पिल्लू बरे झाल्यावर कोंबडी त्याला पुन्हा जवळ घेते का, हेही अनुभवी मंडळींनी अवश्य सांगावे.