शनिवारचं नाटक: हॉलमधल्या प्लेअरवर फाईल चालत नाहीये

प्रेषक: वैशाली
विषय: तातडीचं! शनिवार

मंडळी,
शनिवारच्या मेळाव्यात आपल्या नाटकाचं रेकॉर्डिंग दाखवायचंय, म्हणून आत्ताच चर्चच्या हॉलवर जाऊन आले. माझा पेनड्राइव्ह लावला तर तिथला डीव्हीडी प्लेअर नुसता 'लोडिंग' म्हणतो आणि गप्प बसतो. मृणालचा लावला, तो वाचला, फायलींची नावंही दिसली, पण नाटकावर जाऊन बटण दाबलं की फाईल चालणार नाही असा निरोप. कोजागिरीची गाणी मात्र त्याच ड्राइव्हवरून झक्क वाजली. लॅपटॉप लावा असं कृपया कोणी सुचवू नका. प्रोजेक्टर छताला आहे, त्याची वायर कपाटातल्या प्लेअरला जोडलेली आहे आणि कपाटाची मागची बाजू चर्चवाल्यांनी स्क्रू मारून बंद केलीय. का केलीय ते सगळ्यांना माहीत आहे. ज्येष्ठांपैकी जवळजवळ सगळे येतो म्हणालेत. केदार, आहेस का?
वैशाली

प्रेषक: शिरीष
विषय: उत्तर: तातडीचं! शनिवार

वैशाली, सरळ लॅपटॉप लाव ना. माझ्याकडे लांब एचडीएमआय वायर आहे, घेऊन येतो.
शिरीष

प्रेषक: केदार
विषय: उत्तर: तातडीचं! शनिवार

वैशालीताई,
दोन भानगडी आहेत, त्यांची सरमिसळ नको. तुझा ड्राइव्ह नवा, ६४ जीबीचा असणार. तेवढे मोठे ड्राइव्ह बहुधा दुकानातूनच एक्सफॅट करून येतात, आणि अशा प्लेअरच्या यूएसबीला फॅट३२ शिवाय सहसा काही कळत नाही. (या दोन्ही ड्राइव्हवर फायली मांडून ठेवायच्या पद्धती.) मृणालचा जुना आहे, फॅट३२, म्हणून तो उघडला.

दुसरी भानगड फाईलची. ती एमपी४ आहे आणि आतलं चित्र एच.२६४ या पद्धतीने दाबून भरलेलं आहे. साधा डीव्हीडी प्लेअर डिस्कवरचं एमपेग-२ या जुन्या पद्धतीचं चित्र वाचतो. पुढच्या पट्टीवर डिव्हएक्सचा छाप असेल तर एव्हीआय फाईलमधलं डिव्हएक्स किंवा एक्सव्हिडही वाचेल. एच.२६४ ब्ल्यू-रे प्लेअरचं काम, याचं नाही. शिवाय आपली फाईल १९२० बाय १०८० ठिपक्यांची आणि याची उडी ७२० बाय ४८० पर्यंत. गाणी एमपी३ होती म्हणून वाजली. फाईलचं नाव बदलून शेवटी एव्हीआय लिहिल्याने आतला माल बदलत नाही. (मागे हा प्रयोग झालेला आहे, नाव घेत नाही.)

प्लेअरच्या पुढच्या पट्टीचा फोटो पाठवतेस का?
केदार

प्रेषक: नाना
विषय: उत्तर: तातडीचं! शनिवार

चि. केदार यास आशीर्वाद.
तू म्हणतोस ते असेलही, पण माझ्या मते मुळात हा पाल आणि एनटीएससीचा, म्हणजे भारतातल्या आणि अमेरिकेतल्या टीव्हीच्या वेगवेगळ्या पद्धतींचा प्रश्न आहे. आमच्या भाच्याच्या लग्नाची डीव्हीडी पुण्याहून आली तेव्हा हेच झालं होतं. चित्र काळंपांढरं, त्यातून खालून वर सरकत जाणारं. मंगलाष्टकं ऐकू येत होती आणि अंतरपाट छताकडे निघाला होता. कुणी म्हणे डिस्क खराब आहे, कुणी म्हणे टीव्ही. शेवटी इथल्या, न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवरून सगळ्या सिस्टिम चालणारा प्लेअर आणला, तेव्हा कुठे हिला नवरीच्या शालूचा रंग समजला. तो प्लेअर अजून तळघरात आहे आणि चालू आहे. हवा असल्यास घेऊन जाणे.
नाना

प्रेषक: मृणाल
विषय: उत्तर: तातडीचं! शनिवार

केदारदादा, पट्टीवर डिव्हएक्स लिहिलंय, मला आठवतंय. काल रात्री मी एव्हीआय करून घरच्या प्लेअरवर पाहिलं. चाललं! फक्त मधेमधे चित्र गोठतं आणि कोणी जोरात हात हलवला की चौकोन चौकोन दिसतात. असंच नेऊ का?

प्रेषक: केदार
विषय: उत्तर: तातडीचं! शनिवार

मृणाल, बनवताना 'क्यूपेल' आणि 'जीएमसी' अशा दोन खुणा चालू राहिल्या असतील, त्या काढ. कॉम्प्युटरला त्या चालतात, प्लेअरच्या चिपला झेपत नाहीत. पण तुझ्या घरी चाललं म्हणजे हॉलमध्ये चालेलच असं नाही, आणि २ तास २० मिनिटांचं नाटक अशा भरवशावर लावायला मी तयार नाही. सरळ डीव्हीडी बनवू. डेटा डिस्क नव्हे, खरी डीव्हीडी, जिच्यात 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर असतं. ती वाचता येत नसेल तर त्या प्लेअरला प्लेअर म्हणायचंच कशाला?

नाना, नाटक आपणच इथे, आपल्या कॅमेऱ्यावर घेतलेलं आहे, म्हणजे मुळातच एनटीएससी: सेकंदाला २९.९७ चित्रं. पाल म्हणजे २५ चित्रं आणि ५७६ ओळी, ती पुण्याची गोष्ट. पण एका जागी तुमचा मुद्दा अगदी कामाचा आहे. डिस्क बनवायच्या प्रोग्रॅममध्ये पाल की एनटीएससी हे निवडावं लागतं, आणि तिथे पाल राहिलं तर शनिवारी तुमच्या भाच्याचं लग्न पुन्हा लागेल. डिस्क कुठल्या देशात चालेल ते ठरवणाऱ्या रिजन कोडची काळजी नको. भारत ५, अमेरिका १ हे विकतच्या डिस्कला. घरी केलेल्या डिस्कला रिजन लावायचं कारणच नाही.

आता मूळ अडचण. मृणालकडची एमपी४ कोणीतरी आधीच दाबून लहान केलेली आहे, ती पुन्हा दाबली तर चेहरे धुरकट होतील. कॅमेऱ्यातल्या मूळ एमटीएस फायली कोणाकडे आहेत?

प्रेषक: अनघा
विषय: मूळ रेकॉर्डिंगबाबत

सर्वांना नमस्कार,
मूळ फायली सांस्कृतिक समितीच्या हार्डड्राइव्हवर आहेत आणि तो ड्राइव्ह माझ्याकडे आहे. मागच्या कार्यकारिणीत तसं ठरलेलं आहे. मृणालकडे एमपी४ कशी पोचली हे मला जाणून घ्यायला आवडेल. दुसरं, नाटककारांची परवानगी आपण प्रयोगापुरती घेतली होती. चित्रीकरण केलं ते कलाकारांना स्वतःचं काम पाहता यावं म्हणून. मेळाव्यात दाखवायचं तर त्यांना आधी एक मेल जायला हवी, ती मी आज करते. प्रती वाटणं आणि यूट्यूबवर टाकणं या दोन्हीला माझा विरोध आहे, हे नोंदवून ठेवावं.
अनघा

प्रेषक: शिरीष
विषय: उत्तर: मूळ रेकॉर्डिंगबाबत

> मागच्या कार्यकारिणीत तसं ठरलेलं आहे

इतिवृत्तात असं काही नाही. ड्राइव्ह मंडळाच्या पैशाने घेतलेला आहे, पावती माझ्या फायलीत आहे. बाकी परवानगीबद्दल सहमत.

प्रेषक: वैशाली
विषय: उत्तर: उत्तर: मूळ रेकॉर्डिंगबाबत

शिरीषदादा, अनघाताई, ड्राइव्ह कोणाचा हे रविवारी ठरवूया का? मला तो उद्या हवाय.

प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: उत्तर: मूळ रेकॉर्डिंगबाबत

उद्या संध्याकाळी केदारने घरी येऊन कॉपी करून घ्यावी. ड्राइव्ह घराबाहेर जाणार नाही. नाटककारांचं उत्तर आलं, त्यांची हरकत नाही. त्यांनी आपल्या कलाकारांची चौकशीही केली आहे.

प्रेषक: केदार
विषय: एक डिस्क की दोन?

अनघाताईंकडून फायली आणल्या. थालीपीठही मिळालं, धन्यवाद.

पहिला अंक चार तुकड्यांत आहे. कॅमेऱ्याचं कार्ड फॅट३२ असतं, एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा आपणच नवीन फाईल सुरू करतो. तुकडे सुटे सुटे लावले तर सांध्यावर आवाज क्षणभर जातो, आणि दुसरा सांधा नेमका नाटकातल्या मामांच्या "पण मी म्हणतो" वर आहे. म्हणून आधी तुकडे सलग जोडून घेतले, मग 'एफएफएमपेग' या प्रोग्रॅमला एनटीएससी डीव्हीडीचं टार्गेट आणि १६:९ (रुंद चित्राचं प्रमाण) सांगितलं, आणि 'डीव्हीडी स्टायलर' या प्रोग्रॅममध्ये डिस्क बांधली. (हँडब्रेक हा प्रोग्रॅम यासाठी उपयोगाचा नाही, तो डीव्हीडीतून बाहेर काढतो, डीव्हीडी बनवत नाही. तिघांनी वेगळी मेल करून विचारलं म्हणून इथे लिहितो.)

आता हिशोब बघा. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात. १४० मिनिटं भरायची तर सेकंदाला जेमतेम साडेचार मेगाबिट मिळतात, आवाज धरून. रंगमंचावर मागे काळा पडदा, वर पिवळा दिवा. एवढ्यात अंधाऱ्या कोपऱ्यांत चौकोन दिसणारच. एका डिस्कवर एक अंक घेतला तर ७५ मिनिटांच्या पहिल्या अंकाला आठच्या वर मिळू शकतात. मी तरी साडेसहावर थांबेन, कारण जुने प्लेअर घरी केलेल्या डिस्कवर फार वरचा वेग मागितला की अडखळतात. ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्कही असते, पण जुन्या प्लेअरांचं तिच्याशी पटेलच असं नाही, आणि ती मधे थर बदलताना किंचित थबकते.

माझं मत दोन डिस्क. बोला.

प्रेषक: नाना
विषय: उत्तर: एक डिस्क की दोन?

दोन. नाटकाला मध्यंतर असतंच.

प्रेषक: शिरीष
विषय: उत्तर: एक डिस्क की दोन?

एक. अंधारात कपाट उघडून डिस्क बदलणार कोण? मागे नरक चतुर्दशीला अशाच घाईत चकलीचा डबा सांडला होता.

प्रेषक: सुलभामावशी
विषय: उत्तर: एक डिस्क की दोन?

मध्यंतर किती मिनिटांचं ते मला आधी सांगा. वडे घरून तळून आणायचे तर ते हॉलच्या ओव्हनमध्ये गरम करावे लागतील आणि तो ओव्हन तापायलाच वीस मिनिटं घेतो. चहाला दूध कोण आणतंय? मागच्या वेळी दोन टक्केवालं आणलं होतं, तो चहा नव्हता. गॅलनभर होल मिल्क आणा.

प्रेषक: वैशाली
विषय: उत्तर: एक डिस्क की दोन?

दोन डिस्क. मध्यंतर पंचवीस मिनिटं. डिस्क मी बदलेन. दूध शिरीषदादा. विषय संपला.

प्रेषक: मृणाल
विषय: डिस्कबद्दल

माझ्याकडे कोऱ्या डिस्कचा गठ्ठा होता, त्यातली एक केदारदादाने भरून दिली, हॉलच्या प्लेअरने घेतलीच नाही. घरी चालली. काय झालं असेल?

प्रेषक: केदार
विषय: उत्तर: डिस्कबद्दल

कोऱ्या डिस्क दोन जातींच्या असतात, प्लस-आर आणि मायनस-आर. तो गठ्ठा डीव्हीडी प्लस-आरचा निघाला. जुन्या प्लेअरांना डीव्हीडी मायनस-आर जास्त मानवते. मायनस-आर आणल्या, त्यावर सावकाश वेगाने लिहिलं आणि शेवटी 'फायनलाइज' केलं. ते राहिलं तर कॉम्प्युटर वाचतो आणि प्लेअर कोरी डिस्क म्हणून परत देतो. मृणाल, त्यावर छापील कागदाचं लेबल चिकटवू नकोस, डिस्क फिरताना डोलते. मार्करने 'अंक १' आणि 'अंक २' एवढं लिही, पुरे.

प्रेषक: वैशाली
विषय: चाललं!

आत्ता हॉलमध्येच आहे. पहिला अंक शेवटपर्यंत चालवून पाहिला, आवाज स्वच्छ, सांधे कुठेच कळत नाहीत. मामांचं वाक्यही पूर्ण. फक्त सगळे उंच आणि बारीक दिसतात.

प्रेषक: केदार
विषय: उत्तर: चाललं!

प्लेअर रुंद १६:९ टीव्ही समजून चाललाय आणि प्रोजेक्टर चित्र ४:३ मध्ये दाखवतोय. सेटअपमध्ये जाऊन टीव्हीचा आकार ४:३ लेटरबॉक्स (वर-खाली काळ्या पट्ट्या) कर. पण सेटअप पुढच्या बटणांनी उघडणार नाही, रिमोट लागेल.

प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: चाललं!

मी त्या नाटकात आहे. सेटिंगला हात लावू नये असं सुचवते.

प्रेषक: नाना
विषय: उत्तर: चाललं!

अनघाच्या सूचनेस अनुमोदन.

प्रेषक: वैशाली
विषय: उत्तर: चाललं!

रिमोट चर्चच्या ऑफिसात सापडला, सेल नाहीत. ट्रिपल-ए दोन लागतात. सुलभामावशी, वड्यांबरोबर आणाल का?