महूजवळ जुनी एफसी जीप सापडली आहे, हॉट रॉड करू (म्हणजे कापून, खाली आणून, इंजिन बदलून वेगळीच बनवू) की जशी होती तशी उभी करू? मदत पाहिजे

रामबागचा_पाना
नमस्कार मंडळी, मी इंदूरचा, रामबागेत राहतो, नोकरी पीथमपूरला आणि बाकीचा सगळा वेळ हात काळे करण्यात जातो. मागच्या रविवारी महूच्या पुढे मित्राच्या शेतावर दाल-बाफल्यांची पार्टी होती, जेवून गोठ्यामागे हात धुवायला गेलो तर निंबाखाली गाजरगवतात एक चपटं तोंड दिसलं. आधी वाटलं मॅटाडोर व्हॅन असेल, गवत बाजूला केलं तर महिंद्राची एफसी-१५०! बोनेट नाही, ड्रायव्हर सरळ पुढच्या चाकावर बसतो, दोन सीटांच्या मध्ये इंजिनचा डबा. मी तिथेच खाली बसलो.

मित्राचे आजोबा हिच्यातून इंदूरला दूध आणायचे. मागच्या पत्र्यावर हात फिरवला तर गंजाची गोल गोल वर्तुळं, एकाला एक चिकटून, जिथे दुधाच्या कॅन उभ्या राहायच्या बरोबर तिथे. इंजिन कधीच कोणाला तरी विकलं, गिअरबॉक्स आहे, दोन्ही दारं आहेत, पुढची काच शाबूत आहे. मित्राचे वडील सत्तर हजार म्हणतात पण ऐकतील.

आता खरं सांगतो, मी कितीतरी वर्षं अमेरिकेतले ते जुने कॅब-ओव्हर (केबिन इंजिनच्या वर असलेले) ट्रक बघतो आहे, फोर्डचे १९३८ नंतरचे वगैरे, केबिन जमिनीला टेकेल इतकी खाली आणलेली, मागे लांब सपाट डेक आणि त्यावर दुसरी गाडी चढवलेली. तसं काहीतरी आपल्या इंदुरात करायचं हे डोक्यातून जातच नाही. तर प्रश्न असे की हिची केबिन उचलून बोलेरो पिकअपच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) बसवता येईल का, इंजिन कोणतं टाकावं, आणि आरटीओचं काय. ज्यांनी स्वतः हाताने काम केलं आहे त्यांनी सांगा प्लीज.

कमानीवाले_काका
अरे वा, अभिनंदन पोरा. महूला अशा गाड्या पूर्वी दिसायच्या, आता शोधून सापडत नाहीत. आधी ती गाडी काय आहे ते समजून घे म्हणजे काय कापायचं नि काय नाही ते आपोआप कळेल. मूळ विलीज या अमेरिकन जीप कंपनीची, १९५६ च्या शेवटी अमेरिकेत आली, डिझाइन ब्रुक्स स्टीव्हन्सचं, आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) त्यांच्याच सीजे-५ या लहान जीपचा, ८१ इंच. म्हणजे लहान जीपवर ट्रकची केबिन पुढे सरकवून बसवली, तेवढ्याच लांबीत मागे मालाला जागा मिळाली. आपल्याकडे महिंद्राने १९६५ पासून बनवली. तू जे मोठे अमेरिकन ट्रक बघतोस तेही याच हिशोबाने निघाले, तिकडे राज्याराज्यांत गाडीच्या एकूण लांबीवर बंधन होतं, मग नाक काढून टाकलं की तितकाच माल जास्त बसायचा. १९८२ ला कायदा बदलला, लांबीची ती अट गेली, आणि हळूहळू तिकडचे चपट्या तोंडाचे ट्रक संपलेच.

आता तुझा बोलेरो चासीचा विचार. केबिन उचलून ठेवणं एका दिवसाचं काम आहे, पुढची सहा महिने रडारड आहे. बोलेरोत ड्रायव्हर पुढच्या एक्सलच्या मागे बसतो, एफसीत एक्सलच्या वर. म्हणजे स्टिअरिंग बॉक्स, तिन्ही पेडल, गिअरची लिंक सगळं पुढे आणायचं. कॉलम जवळजवळ उभा येतो, मधे दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरणारे सांधे) टाकावे लागतात, त्यांचे कोन चुकले की स्टिअरिंग वळताना मधेच जड मधेच हलकं लागतं. रस्त्यावर हे जीवावरचं आहे. केबिन फार खाली आणलीस तर इंजिनचा डबा केबिनीत अर्ध्यापर्यंत येतो, मग दोन माणसं भिंतीला चिकटून बसणार, आणि आपल्या मेच्या उन्हात त्या डब्याजवळ उजवी-डावी पोटरी भाजून निघते. तिकडचे लोक म्हणूनच इंजिन केबिनीच्या मागे सरकवतात, पण मग मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आखूड पडतो.

आधी लोहचुंबक घेऊन जा. केबिनचे मागचे खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा, दाराची खालची पट्टी, काचेखालची पाण्याची गटार. जिथे चुंबक धरत नाही तिथे पुट्टी आहे आणि पुट्टीच्या आत भोक आहे.

आरसी_बघ_आधी
इंजिन नंतर, चासी नंतर, आधी कागद. गाडी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने चासी नंबर. केबिन बोलेरोवर ठेवलीस तर ती बोलेरोच राहते, फक्त बेकायदेशीर बोलेरो. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ वाच, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायची नाही असं त्यात आहे, आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने ते फार स्पष्ट सांगून टाकलं. आधी थोडं ढिलं चालायचं ते बंद झालं.

दुसरा रस्ता व्हिंटेजचा. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने नियम आणले, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, खाजगी वापराची गाडी असेल तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरमध्ये व्हीए येतं. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, नंतर परत ५,०००. पण अट आहे, गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. आणि रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

म्हणजे दादा, कापलीस की व्हीए गेलं. आणि तुझी दुधाची गाडी होती, आरसीत मालवाहू लिहिलं असेल तर तो वेगळाच पेच आहे, ते आधी आरटीओत विचार. आजोबांची आरसी कुठे आहे? ती नसेल तर सत्तर हजार म्हणजे सत्तर हजाराचा पत्रा.

रामबागचा_पाना
काका, आरसी_भाऊ, दोघांचे मनापासून आभार. काल परत जाऊन आलो. आरसी सापडली!! आजींच्या लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूखाली, दुधाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेली. कडा कसरीने खाल्ल्या आहेत पण नंबर वाचता येतो, पहिली नोंदणी १९७१. चासी नंबरवर बोटभर चिखल आणि ग्रीस होतं, रॉकेल लावून तारेचा ब्रश एक तास मारला, मग टॉर्च आडवी धरली तेव्हा एकेक आकडा वर आला, आणि आरसीशी जुळला. माझे हात थरथरत होते हो.

चुंबक काकांनी सांगितलं तसं फिरवलं. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा नाहीच, सरळ जमीन दिसते. मागचा डावा कोपरा गेला आहे. बाकी छप्पर, पुढचं तोंड, दारं एकदम ठणठणीत, बोटाने वाजवलं की घंटेसारखा आवाज. आता मी आणखी गोंधळलो आहे कारण इतकी चांगली निघेल असं वाटलं नव्हतं.

बडोद्याचा_डिझेल
बडोद्याहून लिहितो आहे. तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. माझ्याकडे वडिलांची मॅटाडोर होती, आम्ही सगळे भावंडं तिच्यातून पावागडला जायचो, मागच्या बाकावर आई पुरीभाजीचा डबा मांडीवर घेऊन. मला तुझ्यासारखंच वेड, खाली आणायची, रुंद चाकं लावायची. एका वर्कशॉपमध्ये दिली, त्यांनी सांगितलं फ्रेम मधून झेड आकारात कापून जोडतो, सहा इंच खाली येईल. कापली. जोडताना आतून पट्टी दिली नाही, नुसती वरून वेल्डिंग ओढली, वर काळा रंग. हायवेला पहिल्याच स्पीडब्रेकरवर दार उघडेना, उतरून बघतो तर सांध्यावर केसाएवढी चीर, आणि गाडी मधून वाकलेली. नशीब की वेग कमी होता. वडिलांना दाखवायची हिंमत झाली नाही. शेवटी भंगारात दिली आणि तो दिवस मी विसरलेलो नाही.

मी हॉट रॉडच्या विरोधात अजिबात नाही. ज्या गाडीचं नुसतं केबिन उरलं आहे, कागद नाहीत, चासी सडली आहे, तिच्यावर करा की प्रयोग, खाजगी जागेत ठेवा, प्रदर्शनात न्या. पण आरसी जुळणारी, दारं वाजणारी १९७१ ची एफसी कापू नकोस भावा. हात जोडून सांगतो.

कमानीवाले_काका
बडोदेकरांशी सहमत. आणि पोरा, हॉट रॉड म्हणजे कापणंच असं कोणी सांगितलं? तुला खरी मजा हवी आहे ती नजरेची आहे. डॉज ए-१०० नावाचा छोटा कॅब-ओव्हर पिकअप होता, त्यावरून डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंनी डिओरा बनवला, १९६७ ला रिडलर पुरस्कार (डेट्रॉइटच्या गाड्यांच्या प्रदर्शनातला मोठा मान) मिळाला त्याला, दारंसुद्धा नाहीत, पुढची काच उचलून आत शिरायचं. अप्रतिम काम. पण त्याच डॉजवर दुसऱ्यांनी हेमी नावाचं मोठं ताकदवान इंजिन केबिनमागे ठेवलं तर वजन मागे गेलं आणि गाडी पुढची चाकं उचलून धावायला लागली, लिटल रेड वॅगन म्हणून प्रसिद्ध झाली. तमाशासाठी ठीक. यातून शिकायचं ते वजनाचं. तुझ्या एफसीचं उलट आहे, सगळं वजन पुढे, मागे रिकामी असली की जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं हलकी पडतात आणि घसरतात. जड डिझेल इंजिन टाकलंस तर आणखी वाढेल. तिचं मूळ इंजिन पेट्रोलचं, चार सिलिंडर हरिकेन, २.२ लिटर, सुमारे ७५ हॉर्सपॉवर, तेच शोध. जुन्या जीपमध्येही तेच असायचं, लोहामंडीत आणि देवास नाक्याला विचारत फिर, दोन महिन्यांत मिळेल. स्टेपनी आणि बॅटरी शक्य तितकी मागे ने.

पहिला पैसा ब्रेकवर घाल. त्या काळी मास्टर सिलिंडर एकेरी, एक पाइप गळला की चारही चाकं गेली. पाइप आणि होज सगळे नवीन, जुनं एकही ठेवू नको, आणि दुहेरी मास्टर बसवायचा असेल तर आरटीओत आधी विचारून घे. पाटे (कमानी) उतरवून भट्टीवाल्याकडे दे, थोडा बाक कमी करून घे, गाडी आहे त्यापेक्षा इंचभर खाली बसेल, पण कमानीचं पान काढू देऊ नको, काही मिस्त्री पान काढून मोकळे होतात. मग रंग. दुधी पांढरा आणि खाली निळा, जुन्या डेअरीच्या गाडीसारखा. आणि ती वर्तुळं, कॅनची, ती ग्राइंडरने घासू नकोस. गंज थांबवणारं पारदर्शक कोटिंग मिळतं, ते मार आणि तशीच ठेव.

रामबागचा_पाना
काका तुमची ती शेवटची ओळ वाचून मित्राच्या वडिलांना फोन केला, त्यांना वर्तुळांबद्दल सांगितलं तर बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले पंचावन्न दे, पण तयार झाली की पहिली चक्कर मला, पहाटे साडेचारला, त्यांचे वडील, दादा, दूध घेऊन निघायचे त्या वेळेला.

ठरलं, कापत नाही. पुढच्या रविवारी उचलायची आहे. चारही टायर मातीत रिमपर्यंत रुतले आहेत, उजवं पुढचं चाक जाम आहे, हायड्रा (क्रेन) बोलावली तर केबिनला पट्टा लावतील आणि गटार चेपेल अशी भीती वाटते. कोणाकडे दोन मोठे जॅक आणि लाकडाचे ओंडके असतील तर सांगा, पीथमपूरहून फ्लॅटबेड मी आणतो. जेवण मित्राच्या घरी, बाफले परत होणार आहेत.

आरसी_बघ_आधी
दोन जॅक माझे. हब जाम असेल तर आदल्या रात्री डिझेल आणि जळकं ऑइल मिसळून सोडून ठेव, हातोडा मारू नको. सकाळी आठला राऊ चौकात भेटू.