मुलगी स्की शिकणार आहे. गुलमर्गच्या बर्फात आम्ही दोघांनी काय करावे?

पाचपाखाडी_ठाणे

नमस्कार. आमची मुलगी जानेवारीच्या उत्तरार्धात गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेत प्राथमिक कोर्स करणार आहे आणि शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघांनीही तिकडे यावे, असा तिचा आग्रह आहे. मी साठीच्या आसपास आहे, यजमानांनी पासष्टी ओलांडली आहे. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि माझा उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. त्यामुळे आम्ही स्की करणार नाही, हे नक्की.

सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात गुलमर्गला बहुधा एकच दिवस असतो: सकाळी श्रीनगरहून निघायचे, गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, वर जायचे, फोटो काढायचे आणि अंधार पडण्यापूर्वी परतायचे. आम्हाला इतकी घाई नको आहे. आम्ही दोघे येऊरच्या रस्त्याने नियमित चालतो, यजमानांना कॅमेऱ्याची आणि पक्ष्यांची आवड आहे आणि आकाशातून पडणारा बर्फ आम्ही अजून पाहिलेला नाही. मुक्काम गुलमर्गला करावा की श्रीनगरला? आणि स्की न करणाऱ्या माणसाचा दिवस तिथे खरोखर भरतो का, की खोलीत हीटरजवळ बसून लेकीची वाट पाहावी लागते? कृपया अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे.

नेरुळची_वाचक

ताई, मुक्काम गुलमर्गलाच करा. माझे यजमान स्की करतात, मी करत नाही, आणि तरीही हिवाळ्यातले गुलमर्ग त्यांच्यापेक्षा मी अधिक पाहिले आहे असे मला वाटते, कारण उतारावर असलेल्या माणसाचे सगळे लक्ष स्वतःच्या पायांकडे असते.

एका दिवसासाठी येणारी गर्दी सकाळ बरीच वर आल्यावर पायथ्याच्या टांगमर्गहून चढते आणि दुपार कलली की उतरू लागते. बर्फाचे खरे सुख या वेळेच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. जानेवारीत तिथे साडेसातच्या पुढे उजाडते, म्हणजे त्यासाठी फार लवकर उठावेही लागत नाही. न्याहारीपूर्वी बाहेर पडलात तर रात्री पडलेल्या बर्फावर माणसाचे पाऊल नसते. कावळ्याची बोटे आणि एखाद्या कुत्र्याची किंवा कोल्ह्याची सरळ रेषेत गेलेली पावले तेवढी दिसतात. ताजा बर्फ सैल असतो आणि त्याच्या कणांमधल्या पोकळ्यांत आवाज जिरतो, म्हणून आपल्याच बुटांखालची करकर सोडली तर काही ऐकू येत नाही. घोडबंदर रोडच्या वाहतुकीची सवय झालेल्या कानांना ही शांतता पहिल्या दिवशी जवळजवळ खटकते.

यजमानांच्या कॅमेऱ्यासाठी एक काम सुचवते. बर्फ पडू लागला की काळा किंवा गडद निळा लोकरी हातमोजा काही वेळ बाहेर गार होऊ द्यावा आणि मग त्यावर पडणारे कण भिंगातून पाहावेत. श्वास मात्र बाजूला सोडावा, नाहीतर कण लगेच विरघळतात. गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी रचनेत बसतात, त्यामुळे स्फटिकाला सहा बाजू किंवा सहा हात येतात. ढगातले तापमान उणे 15 अंशांच्या आसपास असेल तर त्या हातांना बारीक फांद्या फुटतात, आणि उणे 5 च्या आसपास असेल तर नुसत्या लांबट सुया तयार होतात. हवा शून्याच्या जवळ असली की कण एकमेकांना चिकटून मोठे पुंजके पडतात. ते दिसायला सुंदर असतात, पण त्यात एकटा स्फटिक सापडत नाही. अमेरिकेतील व्हरमाँटचे शेतकरी विल्सन बेंटली यांनी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून 1885 साली अशा एका स्फटिकाचे छायाचित्र घेतले होते. आता मोबाईलवर लावायची छोटी मॅक्रो लेन्सही पुरते. या एका उद्योगात आमची पूर्ण दुपार गेलेली आहे आणि ती वाया गेली, असे मला कधीही वाटले नाही.

चालण्यासाठी गुलमर्ग सोयीचे आहे, कारण मधले कुरण बरेचसे सपाट आहे. 1902 साली बांधलेल्या सेंट मेरी चर्चच्या टेकडीपर्यंत रमतगमत जावे. गोंडोलाचा पहिला टप्पा सुमारे 3,080 मीटरवरच्या कोंगडोरीला नेतो. तिथे बसून गरम कहवा पीत स्की करणाऱ्यांना पाहणे हा मला स्वतंत्र कार्यक्रम वाटतो. तिकिटे आधी ऑनलाईन काढून ठेवा. एक दिवस टांगमर्गजवळच्या द्रुंगला द्या, कारण थंडी कडक असेल तर तिथला धबधबा गोठून त्याचे निळसर खांब झालेले असतात. घसरगाडी ओढणारे तुम्हाला सतत विचारतील. बसायचे असेल तर भाडे आणि अंतर आधी ठरवा. बर्फावरच्या मोटारी मी टाळते, कारण ज्या शांततेसाठी आपण एवढ्या लांब जातो, ती त्यांच्या आवाजाने मोडते.

खारघरचा_डॉक्टर

ताई, यजमानांच्या रक्तदाबाबद्दल तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी निघण्यापूर्वी बोलाच, कारण थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढू शकतो. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट असतो. गोंडोलाचा दुसरा टप्पा ज्या अफरवट पर्वतावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेतो, तिथे तो साठ टक्क्यांच्या थोडा वर राहतो. केबिनमध्ये बसून काही मिनिटांत एवढी उंची गाठली जाते आणि शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. तुमच्या बाबतीत दुसरा टप्पा सोडून देण्यात काहीही गमावले जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे वर पोहोचल्यावर काही तासांनी सुरू होतात, म्हणून पहिली संध्याकाळ खोलीत आणि अंगणातच घालवा.

बर्फाची चमक बरेच जण गृहीत धरतात. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत वर फेकतो, त्यामुळे हनुवटीखालची त्वचाही भाजते आणि डोळे चष्म्याविना राहिले तर रात्री चुरचुरून उघडेनासे होतात. अतिनील किरण पूर्ण अडवणारा गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही वापरा. तहान लागली नाही तरी पाणी पीत राहा.

आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: खोलीत कोळशाची शेगडी किंवा कांगडी (निखाऱ्यांचे हाती धरायचे भांडे) ठेवून दारे-खिडक्या बंद करून झोपू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपेत असलेल्या माणसाला त्याची जाणीवही होत नाही. लाकडावरची बुखारी, म्हणजे धुराड्याची शेगडी, असेल तर तिचे धुराडे नीट बाहेर गेले आहे का, हे स्वतः पाहा.

ऐरोलीकर

वरच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु सगळा आठवडा गुलमर्गला काढू नये, असे मला वाटते. पहिल्या दोन रात्री श्रीनगरला राहिलात, तर 1,600 मीटरच्या आसपास शरीर स्थिरावते. शेवटची रात्रही तिथेच ठेवा, कारण मोठा बर्फ झाला की टांगमर्ग ते गुलमर्ग हा 13 किलोमीटरचा रस्ता साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच खुला राहतो आणि विमानेही रद्द होतात. मुंबईचे परतीचे विमान गुलमर्गहून निघण्याच्या दिवशीच धरणे धोक्याचे आहे.

श्रीनगरचा हिवाळा वेळ काढून पाहण्यासारखा आहे. 21 डिसेंबर ते 29 जानेवारी हे चिल्लई कलानचे, म्हणजे सर्वांत कडक थंडीचे, चाळीस दिवस. तुम्ही जाल तेव्हा त्याचा शेवटचा भाग चालू असेल आणि दल सरोवराच्या कडा अनेकदा गोठलेल्या दिसतील. लोक फेरनच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या, आत कांगडी धरून फिरतात: वेताच्या टोपलीत बसवलेले मातीचे भांडे आणि त्यात राखेखाली धुमसणारा कोळसा. बाजारात वाळवलेली वांगी, टोमॅटो आणि दुधी यांच्या माळा टांगलेल्या असतात. त्यांना तिथे होख स्यून म्हणतात. रस्ते बंद होणाऱ्या महिन्यांसाठीची ही बेगमी पाहताना मला आमच्या आजोळची आगोट आठवली. तुम्ही मांसाहारी असाल, तर जुन्या शहरात पहाटे मिळणारी हरिसा चुकवू नका. मटण आणि तांदूळ रात्रभर शिजवून आणि घोटून ती करतात.

तुमच्या यजमानांना पक्षी आवडतात म्हणून मुद्दाम लिहितो. श्रीनगरच्या वेशीवर होकरसर नावाची पाणथळ जागा आहे, ती 2005 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे आणि हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली बदके आणि कलहंस तिथे मोठ्या संख्येने उतरतात. ठाणे खाडीतले रोहित पक्षी पाहिलेल्या माणसाला तिथली सकाळ नक्की आवडेल. दुर्बीण घरी विसरू नका.

पाचपाखाडी_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. श्रीनगरला दोन रात्री, मग गुलमर्ग आणि शेवटची रात्र पुन्हा श्रीनगरला, असे आम्ही ठरवत आहोत. दुसरा टप्पा अर्थातच नाही. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, त्यामुळे हरिसा होणार नाही. आता गुडघ्याच्या दृष्टीने बुटांचे काय करावे, तेवढे कोणी सांगेल का? गमबूट तिथे भाड्याने मिळतात, असे ऐकले आहे.

नेरुळची_वाचक

टांगमर्गला गमबूट मिळतात, ताई, पण ते सैल असतात आणि सैल बुटात गुडघा अधिक दुखतो. घोट्यापर्यंत येणारे, पाणी आत न येणारे बूट इथूनच घ्या. जाड लोकरी मोजे घालून दुकानात चालून पाहा, बोटे मोकळी हलली पाहिजेत, आणि जाण्यापूर्वी महिनाभर येऊरला तेच बूट वापरा. ताज्या बर्फात पाय रुततो, पण तो सहसा घसरत नाही. खरी भीती दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेल्या रस्त्याची असते. त्यासाठी बुटावर चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे मिळतात, ते सोबत ठेवा. पाऊल लहान टाका, तळवा पूर्ण टेकवा आणि दोन्ही हातांत काठ्या घ्या. जीन्स आणि सुती बनियन नकोत, कारण सुती कपडा ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतो.

खाण्याची काळजी करू नका. नद्रू म्हणजे कमळाचे देठ, हाक नावाची पालेभाजी आणि राजमा-भात सहज मिळेल. गुलाबी, खारट नून चहा एकदा अवश्य चाखून पाहा. आणि तुमच्या दोघांपैकी एकाचे तरी सिमकार्ड पोस्टपेड करून घ्या, कारण बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड कार्डे जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत आणि लेक उतारावर असताना तुम्हाला तिच्याशी बोलता यायला हवे.