कोल्हापूर परिसरातले कीबोर्डवादक: वाद्य, पिना, अडॅप्टर आणि सुपाऱ्या

गेल्या महिन्यात एका परिचितांनी विचारले, "मुलाला ऑर्केस्ट्रात वाजवायचे आहे, कोणता कीबोर्ड घेऊ?" मी दोन मॉडेलांची नावे सांगितली आणि घरी आल्यावर मलाच ते उत्तर अपुरे वाटू लागले. माझी सतरा वर्षे वाजवण्यात गेली आहेत आणि एवढ्या काळात कीबोर्डमुळे कार्यक्रम क्वचितच अडला. तो अडला अडॅप्टरमुळे, आतून तुटलेल्या पिनेमुळे, मंडपातल्या विजेमुळे, नाहीतर रात्री दीड वाजता टेंपो आपल्याला सोडून निघून गेल्यामुळे. वाद्य विकणाऱ्याला यातले काही सांगण्याचे कारण नसते आणि ज्यांना माहीत आहे ते लिहीत नाहीत. म्हणून वाजवणाऱ्या, दुरुस्ती करणाऱ्या आणि साउंड लावणाऱ्या मंडळींना आग्रहाने लिहायला बसवले आहे. काय वापरता, कुठून आणले, काय बिघडले आणि कसे निस्तरले, एवढेच लिहावे. कोणती कंपनी श्रेष्ठ हा वाद इथे नको; तो चहाच्या गाड्यावर पुरेसा होतो.

राजारामपुरी, ऑर्केस्ट्रात २६ वर्षे

मी १९९९ मध्ये पेटीवरून कीबोर्डकडे वळलो. त्या वेळी एखाद्या वादकाकडे रोलंड एक्सपी ८० असणे म्हणजे शेतकऱ्याच्या दारात ट्रॅक्टर असण्यासारखे होते. १९९६ साली बाजारात आलेले हे ७६ पट्ट्यांचे वाद्य मी मुंबईच्या एका वादकाकडून वापरलेले घेतले, महालक्ष्मी एक्सप्रेसने आणले आणि पुढची बारा वर्षे त्याची लाकडी केस उचलण्यासाठी दर कार्यक्रमाला दुसरा माणूस शोधला. गाण्यांसाठी जमवलेले टोन साडेतीन इंची फ्लॉपीवर ठेवावे लागत. एकदा भर मे महिन्यात फ्लॉपी टेंपोच्या डॅशबोर्डवर राहिली आणि त्या रात्री बासरीच्या सगळ्या जागा मी पियानोवर भागवल्या.

मला सांगायची आहे ती मात्र कागल तालुक्यातल्या एका यात्रेतली गोष्ट. वीज जनरेटरची होती आणि जनरेटर थ्री फेजचा होता. दुसऱ्या लावणीच्या मध्यात डावीकडचे हॅलोजन एकदम पांढरेफटक पेटले आणि उजवीकडचे विझल्यासारखे मंद झाले. प्रकाशयोजनेत काही नवीन केले असावे असे समजून मी वाजवत राहिलो. काही क्षणांतच पायाशी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. जनरेटरवरची न्यूट्रलची तार सैल होती आणि ती निसटली होती. न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर भार कमी असतो तिथला दाब चढतो; २३० व्होल्टच्या जागी तो ४०० च्या दिशेने जाऊ लागतो. साउंडवाल्याचा एक अँप्लिफायर गेला. त्या वेळी मी जे हलके वाद्य वापरत होतो त्याचा अडॅप्टर जळाला, पण वाद्य वाचले, म्हणजे अडॅप्टरने स्वतः मरून मालकाचे नुकसान टाळले. उरलेला कार्यक्रम देवळातून आणलेल्या भजनी मंडळाच्या पेटीवर, ढोलकीवर आणि गावातल्याच एका हलगीवर झाला. लोकांनी त्यालाच अधिक वन्समोअर दिले, हे कबूल करावे लागेल.

तेव्हापासून माझ्या पिशवीत मल्टिमीटर असतो. बोर्डाला काहीही लावण्याआधी फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टांच्या आत आकडा आला पाहिजे. नुसता टेस्टर पेटला म्हणजे वीज ठीक आहे असे नव्हे. न्यूट्रल सुटलेला असतानाही टेस्टर छान पेटतो. सध्या मी रोलंड जुनो डीएस ६१ वापरतो. त्याचे वजन सव्वापाच किलोच्या आसपास आहे आणि ते आठ एए सेलवरही चालते. सेलची ही सोय मी पाहिली तेव्हा बाकीची वैशिष्ट्ये वाचली नाहीत.

उचगाव, भावगीते आणि भजनसंध्या

माझा सगळा संसार स्कूटीवर चालतो, त्यामुळे मी वाद्य निवडले ते आधी लांबीवर आणि वजनावर, आणि मग आवाजावर. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड साधारण मीटरभर लांब असतो. तो पाठीवर उभा बांधला तर डोक्याच्या वर जातो आणि आडवा धरला तर राजारामपुरीच्या गल्लीत दोन्हीकडच्या आरशांना लागतो. मी तो पाठीवर किंचित तिरका बांधते आणि बॅगेला खालून एक जादा पट्टा शिवून घेतला आहे. हा पट्टा चप्पल शिवणाऱ्या काकांनी शिवला. बॅगेच्या मूळ शिवणीपेक्षा तो अधिक टिकला आहे.

ट्रान्सपोजबद्दल, म्हणजे बोटे तीच ठेवून सूर वरखाली करणाऱ्या सोयीबद्दल, माझी एक फजिती सांगते. एका गायिकेची पट्टी काळी पाच होती, म्हणून मी ट्रान्सपोज वजा दोनवर नेले आणि पांढरी एकच्या बोटांनी वाजवले. पुढचे गायक काका पांढरी चारमध्ये गाणारे होते. निवेदन लांबले, मी पाणी प्यायले, आणि आकडा शून्यावर आणायचा राहिला. काकांनी तंबोऱ्याच्या ॲपवर आधीच सूर धरला होता आणि मी पहिल्याच ओळीला दोन स्वर खाली उतरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, फक्त उजव्या हाताचा तळवा जमिनीकडे धरून "थांब" अशी खूण केली, एकट्याने मुखडा पूर्ण केला आणि मग मान डोलावून मला आत घेतले. आता प्रत्येक गाण्याच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात मी लाल शाईने आकडा लिहिते, शून्य असला तरी लिहिते.

मुलींनी एक गोष्ट कार्यक्रमाची सुपारी घेतानाच ठरवून घ्यावी: परतीचे वाहन कोणाचे आणि ते किती वाजता निघणार. "बघू की, सोडतो कुणीतरी" हे उत्तर मी आता मान्य करत नाही.

शाहूपुरी, इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती

माझ्याकडे कीबोर्ड येतात ते बहुतेक गणपतीनंतर आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर. तक्रार ठरलेली असते: "दोन-तीन पट्ट्या वाजत नाहीत, आणि एक हळू दाबली तरी किंचाळते." वाद्य उघडून पट्ट्या काढल्या की खालच्या पत्र्यावर फटीएवढ्या रुंदीच्या गुलाबी रेषा ओळीने आखलेल्या दिसतात. मधल्या दोन सप्तकांत त्या गडद असतात आणि कडेला फिकट होत जातात, कारण गुलाल हवेतून कमी आणि वाजवणाऱ्याच्या बोटांवरून जास्त उतरतो. पट्टणकोडोलीला वाजवून आलेल्या वाद्यात हेच दृश्य भंडाऱ्यामुळे पिवळे असते. वाद्य कोणत्या यात्रेहून आले हे मी ग्राहकाला विचारत नाही.

किंचाळण्याचे कारण असे. प्रत्येक पट्टीखाली रबराची एक पट्टी असते आणि तिच्यात कार्बनचे दोन छोटे ठिपके असतात. पट्टी दाबली की आधी एक ठिपका टेकतो, मग दुसरा; या दोहोंमधला वेळ मोजून वाद्य ठरवते की तुम्ही जोरात वाजवले की हळू. पहिल्या ठिपक्याखाली धूळ बसली की तो उशिरा टेकतो, दोहोंमधले अंतर जवळजवळ नाहीसे होते आणि वाद्याला वाटते की तुम्ही मुठीने मारले. एकही ठिपका टेकला नाही तर पट्टी मुकी होते. उपाय म्हणजे वाद्य उघडून रबर आणि खालचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसणे. कृपा करून फटीतून गंज काढायचा स्प्रे मारू नका. त्या तेलावर पुढचा गुलाल चिखलासारखा बसतो आणि मग रबराची पूर्ण पट्टीच बदलावी लागते. जुन्या वाद्याची ती पट्टी मिळवण्यासाठी पुण्यामुंबईला फोन करण्यात पंधरा दिवस जातात. कार्यक्रम सुरू नसताना कीबोर्डवर जुनी चादर टाकली तरी माझे निम्मे काम कमी होईल, आणि माझी त्याला हरकत नाही.

अडॅप्टरचे तेवढेच महत्त्वाचे आहे. यामाहाच्या बहुतेक पोर्टेबल कीबोर्डना १२ व्होल्ट लागतात आणि मधली पिन धन असते. रोलंडच्या अनेक ९ व्होल्टच्या वाद्यांना मधली पिन ऋण असते. दोन्हींची पिन एकमेकांत पुष्कळदा नीट बसते, हाच घोटाळा आहे. मधली पिन धन की ऋण हे दाखवणारी वर्तुळाची खूण अडॅप्टरवर छापलेली असते, ती आधी पाहावी. माझ्याकडे आलेल्या एका वाद्याच्या मालकाने मित्राचा अडॅप्टर "बसतोय की" म्हणून लावला होता. आत संरक्षणाचा डायोड होता म्हणून काम थोडक्यात भागले.

साउंडवाला, कळंबा

वादक मंडळी रागावतील, पण घुमण्याच्या निम्म्या तक्रारी त्यांच्याच पिनेतून येतात. कीबोर्डपासून मिक्सरपर्यंत पंधरा मीटर साधी वायर टाकली की ती वाटेतले सगळे काही गोळा करते. मंचावर डीआय बॉक्स, म्हणजे कीबोर्डचा सिग्नल लांब वायरीसाठी तयार करणारी छोटी डबी, ठेवावा, कीबोर्ड ते बॉक्स छोटी वायर वापरावी आणि पुढे मायक्रोफोनची बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतला गोंगाट कापणारी, वायर घ्यावी. ५० हर्ट्झची घूं ऐकू आली तर बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या वायरीतली अर्थची जोडणी तोडणारे बटण, दाबावा. थ्री पिनची अर्थची पिन मोडून घुमणे बंद करणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या शेजारी मी उभा राहत नाही. एकच वायर असेल तर ती डाव्या आउटपुटला, जिथे मोनो लिहिलेले असते, तिथेच लावावी. उजवीकडे लावली तर पियानोचा अर्धा भाग घरी राहतो.

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत जळाले, त्यानंतर माझे पुष्कळसे कार्यक्रम लग्नाच्या हॉलमध्ये झाले. तिथे सजावटीचे डिमर आणि मंच एकाच लाइनवर असतात आणि दिवे मंद केले की कीबोर्डमधून गुणगुण येते. कार्यक्रमाआधी तासभर येऊन वेगळा बोर्ड मागून घेण्याला पर्याय नाही.

गडहिंग्लज

पेटीवाले सोबत असतील तर आधी त्यांचा सूर घ्यावा. कीबोर्ड ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुरावर असतो, जुनी पेटी तिच्या मनाप्रमाणे असते. पेटी हलत नाही, कीबोर्ड सेंटमध्ये, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या शंभराव्या भागाने, हलतो. वाद घालण्यासारखे त्यात काही नाही.

गंगावेश, नाव नको

पैशाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. एका मंडळाने माझ्याशी तीन हजार ठरवले आणि विसर्जनानंतर बावीसशे हातात ठेवले, कारण "पोलिसांनी दहाला बंद केले, पूर्ण कुठे वाजवलेस?" ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा असते हे मंडळालाही माहीत होते. आता मी निम्मा इसार आधी घेतो आणि तारीख, वेळ, रक्कम, जेवण, वाहन एवढे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवून समोरून "ठीक" असे उत्तर मागतो. पहिल्या वर्षी दोन सुपाऱ्या त्यामुळे गेल्या. आषाढात तसेही काम नसते. त्या महिन्याचा हप्ता भाद्रपदातच बाजूला ठेवावा लागतो, हे मला तिसऱ्या वर्षी समजले.

पंचगंगेच्या बाजूला राहणारा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी कीबोर्ड माळ्यावर ठेवून घर सोडले आणि निश्चिंत राहिलो. पाणी माळ्यापर्यंत आले नाही, पण आठवडाभर बंद घरातली दमट हवा तिथे पोचली होती. वाद्य सुरू झाले, स्क्रीनवर मात्र आतून वाफ धरली होती आणि सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलच्या जॅकला हिरवी बुरशी आली होती. २०२१ मध्ये नदी इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली तेव्हाच मी वाद्य सासरवाडीला नेले, कपडे नंतर. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि आठवड्यातून एकदा वाद्य तासभर चालू करतो, कारण आतली उष्णता ओल धरू देत नाही.

पेडलवरून आठवले: सुरू करताना त्यावर पाय ठेवू नये. अनेक वाद्ये सुरू होतानाच पेडलची दिशा ओळखतात. पाय ठेवलेला असेल तर सगळे उलटे होते, म्हणजे पाय उचलला की सूर लांबतात आणि दाबला की तुटतात. बंद करून पुन्हा सुरू केले की काम होते, पण हे कळेपर्यंत मी एकदा नवे पेडल विकत घेऊन बसलो होतो.

ज्या परिचितांमुळे हे सुरू झाले ते

वरचे सगळे वाचून आम्ही नवीन घेण्याचा विचार सोडला आणि इचलकरंजीत एक वापरलेला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पाहायला गेलो. शाहूपुरीच्या दुरुस्तीवाल्यांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मुलाने पियानोचा टोन लावला आणि प्रत्येक पट्टी तीन वेळा वाजवली: एकदा अगदी हळू, एकदा मध्यम, एकदा जोरात. विकणाऱ्याने आम्हाला चहा दिला. दुसऱ्या फेरीला त्याने घड्याळ पाहायला सुरुवात केली. वरच्या सप्तकातल्या दोन पट्ट्या मुक्या निघाल्या आणि एक किंचाळणारी. मग मुलाने हेडफोनचा जॅक हलवून पाहिला, अडॅप्टरवरचे वर्तुळ पाहिले, पट्ट्यांच्या फटीत मोबाईलचा उजेड टाकला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, गुलाल आहे." पंधराशे रुपये कमी झाले. स्टँड अजून घ्यायचा आहे. एकेरी फुलीचा घ्यावा की दुहेरी, हे कोणी सांगितले तर रविवारच्या आत आणतो.