जुनी फियाट ५०० घेतोय, समुद्राकाठी टिकेल का?

पावस_रत्नागिरी

नमस्कार मंडळी, मनापासून सल्ला पाहिजे. मी पावसला राहतो, नोकरी रत्नागिरीत, रोजचं जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर होतं. घरात वॅगनआर आहे ती आईबाबा आणि बायकोच्या ताब्यात, मी इतकी वर्षं बाईकवर काढली. आता पुण्यात एक फियाट ५०० मिळतेय, २००९ ची, १.३ डिझेल, दुधी रंग, दोन मालक झालेत, ७८ हजार किमी चाललीय, साडेचार लाख सांगतोय.

ही गाडी डोक्यात का बसली ते पण सांगतो. बाबांनी मुंबईत बावीस वर्षं काळीपिवळी चालवली, प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात तिला पद्मिनी कोणी म्हटलंच नाही, फियाटच. मे महिन्यात तीच घेऊन गावाला यायचो, मागे आम्ही चार पोरं आणि टपावर बांधलेलं सामान. या ५०० चा फोटो दाखवला तर बाबा बराच वेळ मोबाईल हातात धरून बसले आणि म्हणाले, तोंड हसरं आहे हिचं. तेव्हापासून दुसरी कुठली गाडी बघायला मनच होत नाहीये.

पण घर समुद्रापासून दोन किमीवर, अंगणात नारळ, शेड नाही, पाऊस तर तुम्हाला माहितीच आहे. फियाटच्या गाड्यांची इथली विक्री थांबूनही बरीच वर्षं झाली, मग काच फुटली किंवा लाईट गेला तर करायचं काय, रत्नागिरीत कोण हात लावेल, आणि एवढ्या जुन्या गाडीला पैसे घालणं बरोबर आहे का, असं सगळं रात्रभर डोक्यात चालू असतं. ज्यांनी अशी जुन्या धाटणीची छोटी गाडी कोकणात वापरलीय त्यांनी कृपया लिहा.

वेंगुर्ल्याचो

घेवक हरकत नाय, पण खालसून बघ आणि मगेच घे. आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.

माझ्याकडे २००८ ची आहे, २०२० मध्ये घेतली, घर समुद्रापासून तुझ्याहून जवळ. पहिली गोष्ट, इंजिनाची चिंता सोड. १२४८ सीसीचं मल्टिजेट आहे, जुन्या डिझेल स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये, इंडिका व्हिस्टात, पुंटोत याच घराण्यातलं इंजिन होतं, त्यामुळे कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या चांगल्या मेकॅनिकने ते दहावेळा खोललेलं असतं. बॉनेटखाली जागा कमी म्हणून कुरकुरतात एवढंच. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना जा आणि पहिलं स्टार्ट तू स्वतः मार, चेन ढिली झाली असेल तर सुरुवातीलाच खडखड ऐकू येते. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत ये आणि दुसऱ्या दिवशी जा. मला १८ चं मायलेज पडतं, आंबोली एसी लावून चढते.

खरा प्रश्न पत्र्याचा. आपल्याकडे लोक म्हणतात पावसाने गाडी गंजते, माझा अनुभव उलटा आहे. पावसाळ्यात निदान खालून धुतली तरी जाते. ऑक्टोबर ते मे खाऱ्या वाऱ्याने मीठ येऊन बसतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पत्रा वरून कोरडा दिसला तरी सांध्यात, जोडाच्या फटीत ओलाच राहतो, आणि गंज आत चरत जातो. म्हणून उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी खालून प्रेशरने पाणी मार, चाकांच्या कमानीत, दाराखालच्या पट्टीत, मागच्या एक्सलवर. आणि पाणी गोडं घे. आमच्या वाडीतल्या अर्ध्या विहिरी एप्रिलनंतर मचूळ होतात, मी पहिल्या वर्षी त्याच पाण्याने मनोभावे गाडी धूत होतो आणि मागच्या कमानीला फोड आले तेव्हा शेजारच्या होडीवाल्या काकांनी कान धरला.

दुसरं म्हणजे सुरूची पानं. मी सुरूच्या बनाजवळ लावतो, ती सुईसारखी पानं पुढच्या काचेखालच्या जाळीत जाऊन बसतात, पाणी जायचा रस्ता बंद होतो आणि मग ते पाणी गाडीत पायाशी उतरतं. महिन्यातून एकदा हाताने काढ. दाराच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात ती पण काडी घालून मोकळी ठेव.

गाडी घेतल्यावर लगेच खालच्या गंजरोधक कोटिंगला नेऊ नको. आधी खालून धू, दोन दिवस कडक उन्हात वाळव, असेल तेवढा गंज घासून काढून प्रायमर मार, मग कोटिंग. गंजावरच काळं फासलं की वरून छान दिसतं आणि आत पत्रा बिस्किटासारखा होतो.

आणि नारळाखाली लावू नको. छपराला काच असलेली गाडी असेल तर अजिबातच नको.

पार्टचं सांगतो. ही गाडी ४ जुलै २००७ ला बाहेर आली, १९५७ ची पहिली ५०० ज्या तारखेला आली होती त्याला बरोबर पन्नास वर्षं झाली तेव्हा. जुनीचं इंजिन मागे होतं, हिचं पुढे, साम्य सगळं चेहऱ्यात. पोलंडमधल्या तिखी शहरात २०२४ पर्यंत बनत होती, त्यामुळे जगात तिच्या पार्टचा तुटवडा नाही, फक्त ते इथे नाहीत. सस्पेन्शनचं बरंच सामान फियाट पांडाशी जुळतं. मी चासी नंबर देऊन ऑनलाईन मागवतो, कस्टम धरून महागात पडतं आणि तीन आठवडे धीर धरावा लागतो. हेडलाईट मागवशील तर ब्रिटनमधूनच मागव, इटली जर्मनीतून नको. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, त्या दिव्याचा झोत उजवीकडे पडतो, म्हणजे घाटात समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यात.

बाबांना बसव तिच्यात. माझ्या वडिलांना मी फार उशिरा बसवलं.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणवरून लिहितोय. वेंगुर्ल्याच्या दादांनी पत्र्याचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो, कारण २२ जुलै २०२१ ला आमच्या इथे काय झालं ते मी पोटमाळ्यावरून बघितलंय. बाजारपेठेतल्या किती गाड्या त्या दिवशी छपरापर्यंत बुडाल्या. त्यातल्या पुष्कळ गाड्या नंतर धुऊन पुसून लांबच्या शहरात विकल्या गेल्या, त्यामुळे गाडी पुण्याची आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आधी कुठे होती ते विचारा. माझ्या चुलतभावाने अशीच एक घेतली, दिसायला नवी, दोन महिन्यांत एकेक वायर जायला लागली, पॉवर विंडो, मग हॉर्न, मग मीटर. पोराचे साठवलेले पैसे गेले.

पुढचा सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा. पुराची गाडी असेल तर आतल्या भागावर मातीची रेघ असते, तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात जात नाही. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बघा, सीटखालच्या पटरीवर गंज आहे का बघा, फ्यूज बॉक्स उघडून टोकं हिरवी पडलीत का बघा. सगळ्या काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवा आणि मग दार उघडून वास घ्या. आणि गाडी विम्यात कधी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण बाद, धरली गेलीय का ते विमा कंपनीच्या क्लेमच्या नोंदीतून कळतं, पॉलिसी नंबर मागून घ्या, देत नसेल तर तिथेच थांबा.

कागदाचं पण बघा. २००९ ची म्हणजे आरसीची १५ वर्षं २०२४ ला संपली. नूतनीकरण केलंय का? साध्या मोटारीला ती फी ५,००० आहे पण बाहेरून तयार आलेल्या गाडीला ४०,००० आहे, एप्रिल २०२२ पासून. ही गाडी इथे बनलेली नाही. नूतनीकरण झालं नसेल तर तेवढे पैसे, शिवाय हरित कर, किमतीतून कमी करून घ्या. नवीन नंबरप्लेट बसवलीय का तेही बघून ठेवा.

अंजर्ले_मिनी

माझी ५०० नाही, मिनी कूपर आहे, २०१३ ची, तीन दरवाज्यांची. दापोली तालुक्यात बहुतेक एकटीच असेल, शाळेतली पोरं वाट अडवून बघतात आणि मला रोज तेवढाच आनंद होतो.

टायरबद्दल लिहितो कारण ते कुणी लिहिलं नाही. माझ्या गाडीत स्टेपनीच नाही, रनफ्लॅट टायर आहेत, हवा गेली तरी ८० च्या वेगाने साधारण ८० किमी जाता येतं. पण ते पंक्चरला. आपल्याकडे पंक्चरपेक्षा खड्ड्याच्या धारेवर टायर बाजूने फाटतो तो धोका जास्त. मागच्या जुलैत रात्री साडेनऊला केळशीवरून येताना डावा टायर बाजूने उघडला, नेटवर्क नाही, पाऊस कोसळतोय, बायको आणि मुलगी सोबत. एका टेम्पोवाल्या भल्या माणसाने घरी सोडलं. त्या मापाचा टायर दापोलीत नाही, खेडला नाही, चिपळूणला नाही, शेवटी पुण्यावरून एसटीच्या पार्सलने आला, चार दिवस गाडी रस्त्याकडेला.

तुमच्या ५०० ला बहुतेक १८५/५५ आर १५ असतील, मालकाने बदललेत का बघा. स्टेपनी, जॅक, पाना सगळं आहे का हात लावून बघा. आणि एक टायर जास्तीचा घरात आणून ठेवा, पावसाळ्याआधीच. टायरची बाजू जाड असेल तेवढी आपल्या रस्त्यावर सुखाची, फक्त दिसायला म्हणून पातळ टायरची मोठी चाकं लावून कोणी विकत असेल तर घेऊ नका.

उंदरांचं पण सांगतो. गाडी दोन दिवस उभी राहिली की पावसात उंदीर बॉनेटमध्ये गरम जागा शोधत येतात आणि वायरी कुरतडतात. या गाड्यांची वायरिंग इथे कोणाला कळत नाही. मी तंबाखूची पानं सुतळीने बांधून आत ठेवतो, दर महिन्याला बदलतो, तीन वर्षं त्रास नाही. रोज दहा मिनिटं तरी फिरवा.

अलिबाग_बीटल

थोडक्यात लिहितो. माझी २०१० ची नवी बीटल आहे, सहा वर्षं वापरली. प्रेम आहेच पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मागे बसवणं फार कठीण जातं, पुढची सीट दुमडून वाकून आत शिरावं लागतं. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हापासून ती माझ्या गाडीत बसत नाही, रिक्षा कर म्हणते, आणि ते मला लागतं. ५०० ला पण दोनच दरवाजे. डिकी १८५ लिटर, म्हणजे आंब्याच्या दोन पेट्या आणि एक पिशवी. घरात दुसरी गाडी आहे म्हणून घ्या म्हणेन. एकच गाडी असती तर नको म्हटलं असतं.

पावस_रत्नागिरी

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी पुण्याला जाऊन आलो, बाबांना घेऊनच गेलो.

मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं गाडी चालू करू नका. पहिलं स्टार्ट स्वच्छ, खडखड नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले, कोरडे आणि मूळ रंगाचे. स्टेपनीचा खड्डा साफ, फ्यूज ठीक. क्लेमची नोंद एकच, बंपरची. आरसी २०२९ पर्यंत करून घेतलीय आणि ४०,००० भरल्याची पावती त्यांनी स्वतःहून दाखवली. टायर १८५/५५ च आहेत पण जुने झालेत, चारही बदलायला लागतील.

मग बाबा म्हणाले सतरंजी आण. एकाहत्तर वर्षांचा माणूस सतरंजी टाकून गाडीखाली सरकला, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून मुठीने पट्टी ठोकत पुढून मागे गेले. मी वाकून बघत होतो. डाव्या बाजूला जॅक लावायच्या जागी आवाज बदलला, तिथे थांबले, नखाने खरवडलं, म्हणाले वरवरचा आहे, भोक नाही, बाकी पत्रा टणटणीत आहे. मालक पण खाली बसून ऐकत होता. टायर आणि तो गंज धरून तीन लाख नव्वदला ठरलं.

पुढे बाबा बसले, मागे नाही. गाडी हायवेवर घेतली तेव्हा त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला होता, काही बोलले नाहीत.

पुढच्या शनिवारी कुंभार्लीने उतरवतोय. जॅकच्या जागेचा गंज काढून प्रायमर मारायचं काम मी स्वतः करणार, बाबा सांगतील तसं. नारळाखालची जागा सोडून पत्र्याची शेड टाकायला माणूस येऊन माप घेऊन गेला. रत्नागिरीत कोटिंग आधी धुऊन वाळवून मगच करणारा कोणी माहिती असेल तर सांगा, मृगाच्या आत करून घ्यायचंय.

वेंगुर्ल्याचो

अभिनंदन रे. कोटिंग करणारा एक माणूस आहे, निरोप पाठवतो. घाट उतरताना तिसऱ्या गिअरवरच ये, जुने टायर आहेत. आणि बाबांना पुढेच बसव.