हायगेटचे ‘इंडिया हाउस’

लंडनमध्ये सावरकर राहिले ते ‘इंडिया हाउस’ म्हणून तेथील ऑल्डविच भागातल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या इमारतीचा उल्लेख एका चर्चेत आला आहे. परंतु ती 1930 मध्ये सुरू झाली. सावरकर राहिले ते इंडिया हाउस उत्तर लंडनमधील हायगेटचे, 65 क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू. व्हिक्टोरियन काळातील हे प्रशस्त घर क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मा यांनी विकत घेतले आणि 1 जुलै 1905 रोजी समाजवादी नेते हाइंडमन यांच्या हस्ते तेथे भारतीय विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. सुमारे पंचवीस विद्यार्थ्यांची सोय असलेल्या या वास्तूत 1906 मध्ये सावरकर दाखल झाले, पुढच्याच वर्षी श्यामजींनी पॅरिस गाठले आणि घराची सूत्रे तरुणांच्या हाती आली. मे 1908 मध्ये, सत्तावनच्या उठावाचा स्मृतिदिन येथेच साजरा झाला, तोही साम्राज्याच्या राजधानीत, ही गोष्ट मला आजही थरारून टाकते. 1 जुलै 1909 रोजी, म्हणजे उद्घाटनाला बरोबर चार वर्षे होत असताना, या वसतिगृहाशी संबंधित असलेल्या मदनलाल धिंग्रा यांनी ब्रिटिश अधिकारी कर्झन वायलीचा वध केला. त्यानंतर वसतिगृह फार काळ टिकले नाही. आज तेथे साधी कुटुंबे राहतात आणि दर्शनी भिंतीवरचा गोल निळा फलक सावरकरांचा उल्लेख ‘भारतीय देशभक्त आणि तत्त्वचिंतक’ असा करतो.